बाटली इथली, आतली पावडर कुठली?

गेल्या पावसाळ्यात माझ्या पाच वर्षांच्या मुलाचा कान दुखायला लागला. डॉक्टरांनी अ‍ॅमॉक्सिसिलिन लिहून दिलं. रावपुऱ्यातल्या दुकानातून मी बाटली आणली, तर आजोबांनी ती हातात घेऊन नीट वाचली.

"गुजरातमध्येच बनलंय, आजोबा," मी म्हटलं.

"बाटली गुजरातची गं. आतली पावडर कुठली?"

बाटलीवर ते लिहिलेलं नव्हतं.

आजोबा आता सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. १९६३ पासून निवृत्तीपर्यंत त्यांनी बडोद्यातल्या एका औषध कारखान्यात पेनिसिलिन बनवलं. आपल्या गावाचं आणि औषधांचं नातं जुनं आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन सुरू केलं आणि ते प्राध्यापक गज्जरांच्या हाती सोपवलं. त्यांचे विद्यार्थी कोटीभास्कर आणि अमीन यांनी गज्जरांसोबत १९०७ मध्ये अलेम्बिक काढली. पुढे १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देश स्वतःचं पेनिसिलिन बनवू लागला.

हे काम कसं चालतं, ते त्या दिवशी मी पहिल्यांदा नीट विचारलं. पेनिसिलिन एका बुरशीपासून मिळतं. मोठाल्या पोलादी टाक्यांत साखर आणि मक्याचा अर्क घालून ती बुरशी काही दिवस वाढवायची. तापमान पंचवीस अंशांच्या आसपास ठेवायचं, सतत निर्जंतुक हवा सोडायची. वीज गेली आणि हवा थांबली, तर बुरशी गुदमरते. दुसरा जंतू शिरला, तर अख्खी टाकी फुकट जाते. "बॅच बिघडतेय हे मला वासावरून कळायचं, लॅबचा रिपोर्ट मागाहून यायचा," आजोबा म्हणाले. आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो वास शर्टालाही यायचा. तीन पाण्यांत धुतला तरी जायचा नाही."

या टाक्यांतून निघणारं पेनिसिलिन-जी हा पाया. त्यापासून पुढचा घटक, आणि त्यापासून अ‍ॅमॉक्सिसिलिन.

१९९१ नंतर आयात खुली होत गेली. चीनने सरकारी पाठबळावर अवाढव्य कारखाने उभारले आणि तिथला माल आपल्या उत्पादन खर्चाहूनही स्वस्त पडू लागला. आपल्याकडचे पेनिसिलिन-जीचे कारखाने एकेक करून थांबले. आजोबांचा विभागही बंद झाला, टाक्या भंगारात गेल्या. आजोबांच्या हाताखाली तयार झालेल्या एकाने पुढे विमा एजन्सी घेतली, दुसऱ्याने दांडिया बाजारात झेरॉक्सचं दुकान टाकलं.

मी आजोबांशी थोडा वादही घातला. स्वस्त पावडरमुळे गरिबाला औषध स्वस्त मिळालं, हे खोटं आहे का? आणि गोळ्या, कॅप्सूल बनवण्यात तर आपण आजही जगात पुढे आहोत.

"खोटं नाही," ते म्हणाले. "पण दुकानदार एकच उरला, की भाव तो ठरवतो."

२०२० मध्ये ते दिसलंच. चीनमधले कारखाने कोरोनामुळे थंडावले आणि मार्चमध्ये सरकारला पॅरासिटामॉलसह २६ औषधं आणि मूळ घटकांच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. आपण आयात करतो त्या मूळ औषधी घटकांपैकी साधारण दोन तृतीयांश चीनमधून येतात. त्याच वर्षी केंद्राने ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली. तिच्या आधाराने २०२४ मध्ये आंध्रात काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचा मोठा कारखाना सुरू झाला.

ही बातमी मी आजोबांना वाचून दाखवली. मला वाटलं, ते खूश होतील. त्यांनी विचारलं, "रात्रपाळीला कोण असतं तिथे? शिकवायला कुणी जुना माणूस आहे का?"

टाक्या पैशाने पुन्हा उभ्या राहतात. पण बिघडणाऱ्या बॅचचा वास ओळखणारी माणसं घडायला वर्षं लागतात, आणि मधली एक अख्खी पिढी आपण विमा नि झेरॉक्सकडे पाठवून दिली.

माझ्या वयाच्या वाचकांनो, तुमच्याही घरात कुणी गिरणीत, कुणी घड्याळाच्या किंवा औषधाच्या कारखान्यात होतं. ते नेमकं काय करत होते, हे त्यांना एकदा विचारा आणि लिहून ठेवा.

माझ्या मुलाचा कान पाच दिवसांत बरा झाला. आता रविवारी दुपारी आजोबा सांगतात आणि मी लिहून घेते. सध्या आम्ही हवेच्या गाळणीपर्यंत आलो आहोत.