हिरेबाजारातला दिवा आणि शिळी मासळी

महिधरपुऱ्याच्या हिरेबाजारात खडा जांभळ्या दिव्याखाली धरून पाहतात, हे सुरतेत राहणाऱ्या पुष्कळांनी पाहिले असेल. त्या दिव्यातील जंबुपार किरण डोळ्यांस दिसत नाहीत. परंतु काही हिरे ते शोषून निळसर प्रकाश टाकतात. या गुणास प्रतिदीप्ती म्हणतात. त्याचे इंग्रजी नाव १८५२ साली जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने फ्लोरस्पार नावाच्या खनिजावरून बनविले. बाजारात या गुणामुळे हिऱ्याचा भाव पुष्कळदा उतरतो. मासळीच्या परीक्षेत मात्र तोच गुण मोलाचा ठरू पाहत आहे.

या विषयाकडे मी वळलो तो घरच्या एका प्रसंगामुळे. दुपारी आणलेले बांगडे आमच्या हयगयीने संध्याकाळपर्यंत ओट्यावरच राहिले. वास काही वाईट नव्हता. जेवण आटोपून अर्धा तासही झाला नसेल, तोच धाकट्याचा चेहरा लालबुंद झाला आणि डोके ठणकू लागले. आम्ही मसाल्याला दोष दिला! डॉक्टरांनी उलगडा केला तो निराळाच. बांगडा, टुना अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन हे द्रव्य विपुल असते. उष्णतेत जीवाणू त्याचे हिस्टामीन करतात आणि एकदा झालेले हिस्टामीन शिजवूनही नष्ट होत नाही. एक किलो मासळीत ते २०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये, अशी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय आहारसंहितेची मर्यादा आहे. नाकास ते कळेलच असे नाही.

नाकास जे कळते ते वायुरूप असते. समुद्रातील माशाच्या अंगी ट्रायमिथिलअमाईन ऑक्साईड असते. मासा मेल्यावर जीवाणू त्यापासून ट्रायमिथिलअमाईन बनवितात. आपण ज्यास मासळीचा उग्र वास म्हणतो, तो बव्हंशी याचाच. पुढे अमोनियाही सुटतो. नदीच्या माशात ते मूळ द्रव्य फार थोडे असल्याने तेथे ही खूण तितकी कामाची नाही.

हे वायू अल्कधर्मी आहेत. हळदीच्या डागावर साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. मी वर्गात नवसागर व चुना एकत्र करून निघणाऱ्या अमोनियावर हळदीचा ओला कागद धरतो. तो तांबूस होतो आणि हवेत ठेवल्यास पुन्हा पिवळा पडतो. या तत्त्वावर ताजेपणा दाखविणाऱ्या पट्ट्या संशोधकांनी केल्या आहेत. पण वायू अगदी अल्प असला तर फिकट कागदावरील किंचित लाली कोणास दिसणार? काळोखात मात्र काजवाही दिसतो. म्हणून संशोधक प्रतिदीप्तीकडे वळले.

संवेदक म्हणजे दिव्याखाली चकाकणारे, कागदावर किंवा पातळ पापुद्र्यावर बसविलेले रेणू. अमाईनच्या रेणूत नायट्रोजनपाशी इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असते. ती संवेदकास मिळाली, किंवा तिने त्याचा प्रोटॉन ओढून घेतला, की चकाकी विझते, वाढते अथवा तिचा रंग पालटतो. वेष्टनाच्या आत लावलेली अशी पट्टी बाहेरून छोट्या दिव्याने पाहता येते, पाकीट फोडावे लागत नाही. आपल्याच शहरातील, १९६१ साली स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, प्रा. सुरेशकुमार कैलासा यांनी चकाकणारे कार्बनबिंदू व धातूंचे अतिसूक्ष्म पुंज वापरून कीटकनाशके, औषधे यांचे अंश ओळखण्याचे काम केले आहे. पदार्थ वेगळे, पण वाट हीच.

अडचणीही आहेत. पाकिटातील दमटपणाने पट्टी फसते. कडक थंडीत वायू पुरेसा सुटत नाही. आणि रोगजंतू असूनही अमाईन नसेल तर पट्टी मासळीस ताजीच म्हणेल. शिवाय आमच्या बांगड्यातले हिस्टामीन सहज वायुरूप होत नाही. त्यासाठी मांसाचा अर्क काढूनच परीक्षा करावी लागते. तेव्हा आमच्या घरी तूर्त एवढेच चालते, की बांगडा बाजारातच बर्फात घालून घ्यावयाचा आणि घरी येताच, चहाचे आधण ठेवण्यापूर्वी, थंड कपाटात टाकावयाचा.