फाईल परत का निवडायची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की कोल्हापुरातल्या महा ई-सेवा केंद्रांपुढे उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर यांसाठी रांगा लागतात. ऑनलाइन अर्जात नाव-पत्ता भरून होतो, कागद जोडून होतात आणि कॅप्चाचं एक अक्षर चुकतं. पान परत येतं. बऱ्याच अर्जांत नाव-पत्ता जागेवर असतो, जोडलेल्या फायली मात्र गेलेल्या. ‘फाईल तिथंच हाय की, परत कशाला निवडायची?’ हा रांगेतला प्रश्न रास्त आहे.

पान पुन्हा पाठवताना सर्व्हरला नाव-पत्ता भरून देता येतो, फाईलच्या रकान्यात मात्र काहीच लिहिता येत नाही. पानावरच्या जावास्क्रिप्टला तो रकाना रिकामा करता येतो, पण संगणकातल्या फाईलचा पत्ता, म्हणजे ती कुठल्या फोल्डरात आहे ते, त्यात लिहिता येत नाही. लिहायला गेली की ब्राउझर तिला अडवतो. फॉर्म पाठवून देणं मात्र जावास्क्रिप्टच्या हातात असतं. तेव्हा फाईलचा पत्ता लिहायची मुभा तिला असती, तर कुठल्याही भुरट्या पानानं एक न दिसणारा रकाना ठेवला असता आणि तुम्ही क्रिकेटचा स्कोअर बघेपर्यंत फाईल लांबवली असती. केंद्रातल्या संगणकावर किती लोकांची आधार कार्डं स्कॅन करून ठेवलेली असतात, हे आठवलं की परत निवडायचा त्रास मला तरी स्वस्तातला वाटतो.

हा विचार नवा नाही. फॉर्ममधून फाईल पाठवण्याची पद्धत नोव्हेंबर १९९५च्या आरएफसी १८६७ या दस्तऐवजात मांडली गेली. झेरॉक्स कंपनीतल्या नेबेल आणि मॅसिंटर यांनी तेव्हाच बजावलं होतं, की वापरणाऱ्यानं स्वतःहून सांगितल्याशिवाय ब्राउझरनं एकही फाईल पाठवू नये.

तरी वाट शोधणारे निघालेच. त्या काळी फाईलच्या रकान्यात पत्ता हातानं टाईपही करता यायचा. २००६मध्ये फायरफॉक्स आणि इंटरनेट एक्स्प्लोरर या दोन्हींत त्यातून एक पळवाट उघड झाली. पान तुम्हाला एखाद्या चौकटीत काहीबाही लिहायला लावायचं. तुम्ही लिहीत असताना हवं ते अक्षर आलं, की स्क्रिप्ट क्षणभर कर्सर लपवलेल्या फाईलच्या रकान्यात नेऊन परत आणायची. वेचलेल्या अक्षरांतून तिकडं फाईलचा पत्ता तयार! बोटं तुमचीच, म्हणून ब्राउझरलाही संशय नाही. चोराची अक्कल मानायला हवी. पुढं ब्राउझरांनी या रकान्यातलं टायपिंगच बंद केलं. आता फाईल निवडायची खिडकीच उघडते, तीही तुम्ही क्लिक केल्यावर. त्या खिडकीत कोणते फोल्डर दिसतात, हे पानाला कळत नाही.

निवडलेल्या फाईलचं नाव पानाला मिळतं, पण ती कुठल्या फोल्डरातली हे मिळत नाही. पूर्वी काही ब्राउझर पूर्ण पत्ता देऊन टाकत, आणि त्यात संगणक वापरणाऱ्याचं नावही असे. आता स्क्रिप्टनं रकान्यातला मजकूर विचारला, तर ‘सी:\फेकपाथ\’ आणि पुढं फाईलचं नाव एवढंच उत्तर येतं. असं फोल्डर कुठंच नसतं. तिरक्या रेघेपुढचं नाव कापून घेणारी जुनी पानं बंद पडू नयेत, म्हणून केलेली ही सोय. ज्या मोबाइलवर सी ड्राइव्ह औषधालाही नाही, तिथंही हेच उत्तर!

इतक्या कडेकोट बंदोबस्तानंतर एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. फाईल निवडली, की ‘सबमिट’ दाबण्याआधीच पानाला ती आतून वाचता येते आणि सर्व्हरकडे धाडताही येते. फोटो निवडताक्षणी पानावर दिसतो तो त्यामुळेच. चुकून भलताच कागद निवडला आणि रद्द केला, तरी तो गेलाच नसेल याची खात्री ब्राउझर देत नाही. फाईल मोठी आहे म्हणून पान आधीच अडवतं, तेही निवडलेली फाईल त्याला दिसते म्हणूनच; पण ही तपासणी फक्त तुमचा वेळ वाचवायला. ती चुकवणं सोपं असतं, म्हणून सर्व्हरला पुन्हा तपासावंच लागतं.

आणि ब्राउझरचा पहारा फक्त पानावर असतो. खुर्चीत बसलेल्या माणसावर नव्हे. केंद्रात दाखल्याचं काम झालं की तुमच्या आधारची प्रत तिथल्या डेस्कटॉपवर तशीच राहू शकते. ती समोरच पुसायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. कागद केंद्राच्या व्हॉट्सॲपवर पाठवले असतील, तर तिथल्या चॅटमधूनही.