चॅम्पियन: जिंकणारा की लढणारा?

गल्लीतल्या कॅरम स्पर्धेपासून ऑलिंपिकपर्यंत जो जिंकला तो चॅम्पियन. त्यामुळे हा शब्द जिंकण्यावरूनच आला असणार, असं वाटतं. तसं नाही. लॅटिनमध्ये ‘कॅम्पस’ म्हणजे मैदान. मैदानात उतरून लढणारा तो ‘कॅम्पिओ’. जुन्या फ्रेंचमार्गे इंग्रजीत त्याचा चॅम्पियन झाला. त्यात हारजीत नव्हतीच.

शिवाय हा गडी बहुधा दुसऱ्यासाठी लढे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीच्या मालकीचा दावा द्वंद्वाने निकाली काढता येई. वादी-प्रतिवादी बाजूला उभे राहत आणि त्यांचे चॅम्पियन दंडुके व ढाली घेऊन भिडत. आकाशात चांदण्या दिसेपर्यंत प्रतिवादीचा माणूस तग धरून राहिला, तरी जमीन प्रतिवादीकडेच राही. काही बिशपांनी तर असे लढवय्ये पगारी ठेवले होते. पुढे खुनाच्या एका आरोपीने भर कोर्टात हातमोजा फेकून द्वंद्वाचा हक्क मागितला, तेव्हा कुठे १८१९ मध्ये संसदेने ही पद्धत मोडीत काढली.

राजालाही चॅम्पियन असे. लिंकनशायरच्या डायमोक घराण्याकडे हा वंशपरंपरागत मान. राज्याभिषेकाच्या मेजवानीत चिलखत घालून, घोड्यावर बसून यायचं, हातमोजा फेकायचा आणि राजाचा हक्क कोणाला अमान्य असेल तर पुढे या, असं आव्हान द्यायचं. हा सोहळा शेवटचा झाला १८२१ मध्ये, चौथ्या जॉर्जच्या वेळी. मानकरी धर्मगुरू असल्याने त्यांच्या जागी मुलगा आला, तोही ॲस्टलीच्या सर्कशीतल्या घोड्यावर. बदली लढवय्याचाच बदली! आव्हान स्वीकारायला अर्थातच कोणी उठलं नाही.

‘मानवी हक्कांचा चॅम्पियन’ हा प्रयोग खेळावरून उचललेला, असंही अनेकांना वाटतं. क्रम उलटा आहे. दुसऱ्याची बाजू घेऊन लढणारा हा अर्थ शतकानुशतकं जुना. खेळातला अव्वल हा अर्थ अठराव्या शतकात रुळला. म्हणून अशा ठिकाणी बातमीत ‘विजेता’ लिहिणं चूक. ‘कैवारी’ किंवा ‘पुरस्कर्ता’ हवं.

राहिली शॅम्पेन. चॅम्पियन पितात म्हणून ती शॅम्पेन, ही निव्वळ थाप. फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांताचं नाव सपाट, मोकळ्या मुलखावरून पडलं. मूळ मात्र तेच, कॅम्पस. विजेत्यांनी ती फवारण्याची रीत तर अगदी अलीकडची: १९६७ मध्ये ल मान्सची शर्यत जिंकल्यावर डॅन गर्नीने बाटली हलवून समोरच्यांना भिजवलं, तिथून ती रूढ झाली.