लाजाळूपणाचे मोजमाप आणि भाषांतराची कसोटी

चारचौघांत बोलण्याची वेळ आली की छातीत धडधडते, तळहात घामेजतात, शब्द घशातच अडकतात. थोड्याफार प्रमाणात हा अनुभव सर्वांनाच येतो. मात्र या भीतीपोटी एखादा विद्यार्थी तोंडी परीक्षा चुकवू लागला, शंका असूनही वर्गात गप्प बसू लागला, तर तो केवळ लाजाळूपणा उरत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली आपल्या निदानसूचीच्या तिसऱ्या आवृत्तीत 'सोशल फोबिया' या विकाराला स्वतंत्र स्थान दिले. तो मोजण्यासाठी पुढे अनेक प्रश्नावल्या तयार झाल्या, त्यांतल्या बहुतेक इंग्रजीत. इराणमधील फारसी भाषक विद्यार्थ्यांची तपासणी त्यांद्वारे करायची, तर केवळ भाषांतर पुरेसे आहे काय?

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या कॅथरिन कॉनर, जोनाथन डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली 'स्पिन' ही प्रश्नावली उदाहरणादाखल घेता येईल. तीत अवघी १७ विधाने आहेत. भीती, टाळाटाळ आणि शारीरिक लक्षणे अशा तीन बाबी त्यांतून तपासल्या जातात. प्रत्येक विधानाला ० ते ४ गुण, म्हणजे कमाल बेरीज ६८. मूळ अभ्यासात १९ हा आकडा रुग्ण आणि निरोगी यांच्यातील सीमारेषा ठरला.

यातील काही विधाने पार्ट्यांच्या धास्तीविषयी आहेत. फारसीत 'पार्टी' हा शब्द रुळलेला आहे. पण त्याचा एक अर्थ 'वशिला' असा होतो! दुसऱ्या अर्थाने तो वापरला, तरी तरुण-तरुणींच्या चोरट्या मेजवानीची छटा त्याला चिकटते. 'मेहमानी' म्हणावे, तर डोळ्यांपुढे आत्या-मामांनी भरलेले घर उभे राहते. एकच इंग्रजी शब्द, पण त्यातून दोन वेगळ्या भीती मोजल्या जाण्याचा धोका.

फजितीच्या भीतीविषयीचे विधान त्याहून अवघड. फारसीत साध्या ओशाळण्याला 'खिजालत' म्हणतात, तर चारचौघांत मान खाली घालावी लागण्याला 'आबरू-रीझी'. मराठीतील 'अब्रू' याच 'आबरू'पासून आली. मूळ अर्थ चेहऱ्याचे पाणी, तेज. ते सांडणे म्हणजे 'आबरू-रीझी'. मराठीत येताना या शब्दाने निराळे वजन धारण केले, हे 'अब्रुनुकसानी'चे खटले वाचणाऱ्यांना सांगावयास नको. भाषांतरकाराने येथे जड शब्द निवडला, तर निरोगी विद्यार्थीही भरघोस गुण देऊन बसेल. हलका निवडला, तर खरा पीडित निसटेल.

याकरिता 'उलट अनुवादा'ची पद्धत वापरतात. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी १९७० साली तिची मांडणी केली. मूळ इंग्रजी न पाहिलेली व्यक्ती फारसी मसुदा पुन्हा इंग्रजीत आणते आणि दोन्ही इंग्रजी पाठ ताडून पाहिले जातात. पद्धत उपयुक्त खरी, पण तिच्यावर फार विसंबणे बरे नव्हे. कृत्रिम, शब्दशः भाषांतर उलटवले तर हुबेहूब मूळ हाती येते आणि विद्यार्थ्याला मात्र वाक्य कळत नाही. म्हणूनच काही विद्यार्थ्यांना विधाने मोठ्याने वाचायला लावून 'यातून तुम्हाला काय समजले?' असे विचारणे अधिक मोलाचे ठरते.

त्यानंतर आकडेशास्त्राची पाळी. विधाने परस्परांशी जुळतात का, हे १९५१ साली ली क्रॉनबाख यांनी मांडलेल्या 'अल्फा' गुणांकावरून पाहतात. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतात. मूळ तीन गट फारसीतही तसेच पडतात का, हे घटक विश्लेषणातून तपासतात. 'अल्फा' चढा आला की काम फत्ते झाले, हा समज मात्र भाबडा आहे. वरिष्ठांची भीती वाटते आणि वरिष्ठांशी बोलणे टाळतो, अशी जुळी विधाने एकाच प्रश्नावलीत असली की जुळणी दिसणारच. शिवाय प्राध्यापकांपुढे मौन बाळगणे हा अदबीचाही भाग असू शकतो. अदब आणि आजार यांतील फरक गुणांकाला कळत नाही. त्यासाठी तज्ज्ञाने प्रत्यक्ष मुलाखत घेऊन केलेले निदान शेजारी ठेवावे लागते.

मायकेल लिबोविट्झ यांच्या १९८७ सालच्या मापनश्रेणीत तर प्रणयाच्या हेतूने ओळख वाढवण्यासंबंधीही प्रश्न आहे. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणमध्ये मुलामुलींच्या शाळा वेगळ्या झाल्या आणि सार्वजनिक ठिकाणी मिसळण्यावर बंधने आली. तेथील विद्यार्थ्याने 'टाळतो' असे उत्तर दिले, तर ती मनाची भीती समजायची की कायद्याची?

१९ ची सीमारेषाही जशीच्या तशी उचलता येत नाही. ती खाली राहिली तर धडधाकट मुलांवर आजाराचा शिक्का बसतो. वर गेली तर मदतीची गरज असलेला विद्यार्थी 'ठीक आहे' म्हणून परत पाठवला जातो. विद्यार्थ्यांवर ठरवलेला आकडा शेतकऱ्याला वा गृहिणीला लागू पडेलच असे नाही. इराणमध्ये अनेकांची मातृभाषा अझेरी किंवा कुर्दी आहे. अफगाणिस्तानातील दरी आणि ताजिकिस्तानातील ताजिक ही फारसीचीच रूपे. पण ताजिकची लिपीही वेगळी आहे.

पुण्याच्या महाविद्यालयांत अनेक वर्षे इराणी विद्यार्थी शिकत आले आहेत. त्यांच्यापुढे तेहरानमध्ये पारखलेली प्रश्नावली ठेवली, तरी एक पेच राहतोच. वर्गात इंग्रजीत बोलताना अडखळणाऱ्या मुलाला माणसांची भीती वाटते की व्याकरणाची, हे सांगणारे विधान या सतरांत नाही.