एक 'हॅव', दोन कामं

मैत्रिणींनो, परवा आमच्या बचत गटातली एक मैत्रीण दुपारची कामं आटोपून माझ्याकडे आली. हातात अर्ज, डोळ्यांत पाणी. शिवणवर्गात शिकवायला बाई हवी होती आणि अर्ज इंग्रजीत मागितला होता. बिचारीनं रात्री जागून लिहिला : 'आय हॅव अ सुइंग मशीन अँड डन अ टेलरिंग कोर्स.' कॉलेजात जाणारा मुलगा वाचून हसला, "आई, चुकलंय गं!" पण काय चुकलं, ते त्यालाही सांगता येईना. "जाऊ दे ताई, फाडूनच टाकते," ती म्हणाली.

मी म्हटलं, "थांब. आधी हेच मराठीत सांग."

ती म्हणाली, "माझ्याकडे मशीन आहे आणि मी कोर्स केला आहे."

बघा, 'आहे' दोनदा आलं! 'मशीन आहे' यातलं 'आहे' एकटंच पूर्ण अर्थ सांगतं. 'केला आहे' यातलं मात्र 'केला'च्या मदतीला आलंय. 'माझ्याकडे मशीन आणि कोर्स केला आहे' असं आपण कधी म्हणतो का? कानालाच खटकतं. इंग्रजीतल्या 'हॅव'चं तेच. पहिल्या ठिकाणी ते मुख्य क्रियापद, म्हणजे जवळ असणं. दुसऱ्या ठिकाणी 'डन'चं सहायक. दोन वेगळी कामं एकाच 'हॅव'च्या गळ्यात घालायची नाहीत. म्हणून 'आय हॅव अ सुइंग मशीन अँड हॅव डन अ टेलरिंग कोर्स' असं लिहायचं.

काम एकच असेल, तर मात्र एक 'हॅव' पुरतं. 'आय हॅव अ सुइंग मशीन अँड अ शॉप', इथे दोन्हीकडे जवळ असणंच आहे. 'आय हॅव डन अ कोर्स अँड पास्ड द एक्झाम', इथे दोन्हीकडे मदतनीसच आहे.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. आमच्या वेळी मराठी शाळेत पाचवीत एबीसीडी गिरवली. त्यामुळे भीती राहिली, त्यात लाज कसली? मराठी व्याकरण तर आपल्या जिभेवरच आहे. अडलं की आधी आपल्या भाषेत बोलून बघावं.

तिनं अर्जात आणखी एक 'हॅव' घातला. निघताना मी बजावलं, "मुलाखतीत 'व्हॉट डू यू डू?' विचारतील. दोन 'डू' ऐकून गोंधळू नकोस. पहिला फक्त प्रश्नासाठी, दुसरा कामाचा. आणि 'काही नाही, घरीच असते' असं तर मुळीच म्हणू नकोस. गेली पंधरा वर्षं आख्ख्या गल्लीचे ब्लाउज कोण शिवतंय?"

ती हसली. अर्ज नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि तशीच तो द्यायला गेली.