मुक्त शैक्षणिक साधने
अध्ययन-अध्यापनास उपयुक्त अशी जी साधने स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळे सर्वांना खुली झालेली असतात, अथवा ज्यांच्या स्वामित्वधारकाने ती विनामूल्य वापरण्याची, त्यांत फेरफार करण्याची व ती इतरांना देण्याची अनुज्ञा आधीच देऊन ठेवलेली असते, त्यांस मुक्त शैक्षणिक साधने असे म्हणतात. पाठ्यपुस्तके, पाठटाचणे, स्वाध्याय, प्रश्नसंच, चित्रे, ध्वनिमुद्रिते, चित्रफिती, संगणकावरील आभासी प्रयोग इत्यादींचा त्यांत समावेश होतो. ही साधने बहुधा आंतरजालावरून मिळवली जातात. तथापि उतरवून घेतल्यावर ती छापील स्वरूपातही वापरता येतात.

विनामूल्य व मुक्त : या दोन शब्दांचे अर्थ भिन्न आहेत. विनामूल्य साधन शिक्षकास पैसे न देता वाचता वा पाहता येते. मुक्त साधन त्यास बदलताही येते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड वायली यांनी मुक्ततेची कसोटी म्हणून पाच अधिकार सांगितले आहेत : साधनाची प्रत स्वतःजवळ ठेवणे, ती वापरणे, तीत फेरफार करणे, ती अन्य साधनांशी जोडणे व परिणामी तयार झालेले साहित्य वाटणे. महाराष्ट्रातील ‘बालभारती’ची पाठ्यपुस्तके आंतरजालावर विनामूल्य मिळतात, परंतु त्यांचे सर्व हक्क मंडळाने राखून ठेवलेले असल्याने वरील अर्थाने ती मुक्त ठरत नाहीत.

कायदेशीर बाजू : भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमातील कलम ५२ नुसार अध्यापनाच्या ओघात शिक्षक वा विद्यार्थी यांनी केलेल्या प्रती हा हक्कभंग मानला जात नाही. विद्यापीठातील अभ्याससंचांच्या छायाप्रतींसंबंधी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिलेल्या निर्णयात या सवलतीचा व्यापक अर्थ लावण्यात आला. तथापि संपूर्ण पुस्तकाचे भाषांतर करून ते सर्वत्र प्रसिद्ध करण्याची मोकळीक तीमुळे मिळत नाही. ही उणीव मुक्त परवाने भरून काढतात. २००१ मध्ये स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने डिसेंबर २००२ मध्ये असे परवाने प्रथम प्रसिद्ध केले. मूळ कर्त्याचा नामनिर्देश, व्यापारी उपयोगास मनाई, सुधारित साहित्यासही तोच परवाना लावण्याचे बंधन आणि फेरफारास मनाई, अशा अटींच्या संयोगातून त्यांचे प्रकार होतात. यांपैकी शेवटची अट असलेले साहित्य भाषांतरित करून वाटता येत नाही. म्हणून ते मुक्त शैक्षणिक साधनांत सामान्यतः गणले जात नाही.

इतिहास : मायकेल हार्ट यांनी १९७१ मध्ये सुरू केलेला गुटेनबर्ग प्रकल्प, म्हणजे हक्कमुक्त ग्रंथांचे संगणकीय भांडार, हा या कल्पनेचा पूर्वावतार होय. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने आपल्या अभ्यासक्रमांचे साहित्य सर्वांस खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. पुढील वर्षी यूनेस्कोच्या पॅरिस येथील परिषदेत मुक्त शैक्षणिक साधने ही संज्ञा स्वीकारण्यात आली. तेथेच २०१२ मध्ये या विषयावरील जाहीरनामा संमत झाला. यूनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने २०१९ मध्ये यासंबंधी सदस्य राष्ट्रांना अधिकृत शिफारस केली.

भारतातील प्रयत्न : शालेय शिक्षणासाठी मुक्त साधनांचे राष्ट्रीय भांडार २०१३ मध्ये, तर ‘दीक्षा’ हे शिक्षकाभिमुख व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. पाठ्यपुस्तकात छापलेल्या क्यूआर कोडद्वारे त्या त्या पाठाचे पूरक साहित्य ‘दीक्षा’वर उघडते. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या २०१५ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात मराठीसह अनेक भाषांतील सचित्र बालकथा वाचनपातळीनुसार लावलेल्या असून कोणासही त्यांचे भाषांतर करता येते. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी करण्याच्या कृती व अनेक मराठी पुस्तके अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातील (२००२) आभासी प्रयोगांची मराठी रूपेही उपलब्ध आहेत. प्रयोगशाळा नसलेल्या शाळेत विद्युत्‌मंडलासारखे घटक शिकविण्यास ती उपयोगी पडतात.

उपयोग व मर्यादा : मुक्त साधनाचे खरे मोल पाठ्यपुस्तकाची भाषा व मुलांची बोली यांत अंतर असते तेथे दिसून येते. नंदुरबारमधील पावरी, मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या मुलांच्या शिक्षकास मराठी कथा त्यांच्या बोलीत आणून, ओळखीच्या वस्तूंची चित्रे घालून छापता येते. त्याने केलेले रूपांतर दुसऱ्या शाळेसही वापरता येते. अशा रीतीने शिक्षक हा साहित्याचा केवळ ग्राहक न राहता त्याचा सहनिर्माता होतो.

मात्र कोणासही भर घालता येत असल्याने साहित्याचा दर्जा सारखा नसतो. म्हणून वर्गात नेण्यापूर्वी आशयाची अचूकता, भाषा, इयत्तेशी सुसंगती व परवाना तपासून घेणे आवश्यक ठरते. उपलब्ध साधनांत इंग्रजीचे प्राबल्य आहे. अनुदान संपताच काही उपक्रम बंद पडतात व त्यांचे साहित्य दुर्मिळ होते. २०२० मध्ये कोविड-१९ च्या साथीत शाळा बंद असताना ज्या घरांत स्मार्टफोन वा आंतरजाल नव्हते, तेथपर्यंत ही साधने पोहोचली नाहीत. यावर उपाय म्हणून साहित्य पेनड्राइव्हवर उतरवून घेणे, छापून वाटणे किंवा आंतरजालाविना चालणाऱ्या ‘कोलिब्री’सारख्या संगणकीय प्रणालीत साठवणे हे मार्ग अवलंबिले जातात. शिवाय साधन शोधणे, पारखणे व बदलणे यांस लागणारा वेळ शिक्षकाच्या कामात धरला जात नाही, तोवर त्याला मिळालेली अनुज्ञा बहुतांशी कागदावरच राहते.