फूटपट्टीवरचा घाट

नशिराबादच्या विद्यार्थ्यांना रेल्वे नवी नाही. गावाजवळच भादली स्थानक आहे आणि भुसावळ-जळगाव मार्गावर रात्रंदिवस गाड्या धावतात. इथला मुलूख सपाट. रूळ चढतात की उतरतात हे डोळ्यांना कळतही नाही. पण मुंबईहून खानदेशाकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या कसाऱ्याला थांबतात आणि त्यांच्या मागे जादा इंजिने जोडली जातात. मग बोगदे, खोल दऱ्या आणि पावसाळ्यातले धबधबे ओलांडत गाडी इगतपुरीला पोहोचते. सुमारे 15 किलोमीटरांत ती सुमारे 300 मीटर वर चढते. 1865 साली खुल्या झालेल्या या थळ घाटात एवढे अवघड काय आहे?

30 सेंटिमीटरची फूटपट्टी टेबलावर ठेवा आणि तिचे एक टोक अवघे 8 मिलिमीटर उचला. झाला थळ घाट! याला 37 ला 1 चढ म्हणतात. 37 मीटर पुढे जाताना गाडी 1 मीटर वर जाते.

चढ किरकोळ दिसतो ना? आता हिशेब करू. इंजिनासह 1,000 टनांची गाडी या चढावर 1,000 ÷ 37, म्हणजे सुमारे 27 टन वजनाइतक्या जोराने मागे ओढली जाते. सपाटीवर तीच गाडी सावकाश चालवायला दोन-तीन टनांची ओढ पुरते.

इंजिनाची चाके पोलादी आणि रूळही पोलादी. कोरड्या रुळावर इंजिनाची पकड त्याच्या वजनाच्या साधारण पाव भाग असते; 120 टनांच्या इंजिनाला 30 टन. पाऊस पडला की ती बरीच घटते आणि चाके जागच्या जागी फिरू लागतात. म्हणून रुळांवर वाळू सोडतात आणि मदतीला जादा इंजिने घेतात. रेल्वेचे लोक त्यांना ‘बँकर’ म्हणतात. ती मागेच का? पुढून सारा भार ओढला तर डब्यांच्या जोडण्यांवर फार ताण येतो. शिवाय एखादी जोडणी तुटलीच, तर मागचे डबे दरीकडे घसरू नयेत म्हणून पाठीशी इंजिन हवे.

जगातील सर्वांत उंच लोहमार्ग चीनमधील छिंगहाय-तिबेट हा होय. 2006 साली सुरू झालेला हा मार्ग टांगुला खिंडीत 5,072 मीटर उंची गाठतो. पण त्याचा कमाल चढ 50 ला 1, म्हणजे पट्टीवर फक्त 6 मिलिमीटर. आपल्या घाटाहून सौम्य! तिथे खरी अडचण विरळ हवेची. डब्यांत प्राणवायू पुरवावा लागतो.

माथेरानची 1907 सालची छोटी गाडी 20 ला 1 चढते. पट्टीवर 15 मिलिमीटर. ती हलकी म्हणून जमते. निलगिरी रेल्वेचा चढ 12 ला 1, म्हणजे 25 मिलिमीटर. तिथे रुळांमध्ये दातेरी पट्टी बसवून इंजिनाचे दातेरी चाक तिच्यात अडकवले आहे. स्वित्झर्लंडमधील पिलाटस रेल्वेसाठी (1889) तर पट्टीचे टोक सुमारे 13 सेंटिमीटर उचलावे लागेल!

आता एक प्रयोग. पोलादी पट्टीवर लोखंडी नट ठेवून टोक हळूहळू उचला. नट घसरताच उंची मोजा. मग पट्टीला तेलाचा थेंब लावून पुन्हा मोजा. कोरड्या पट्टीवर नट 8 मिलिमीटरला मुळीच घसरणार नाही. मग इंजिन का घसरते? नटाला फक्त स्वतःला सावरायचे असते. इंजिनाला स्वतःच्या सात-आठपट ओझे ओढायचे असते.